मालक नाही, मग ऐकायचं कोणाचं? ओपन सोर्सच्या राजकारणावर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लिनक्स इन्स्टॉल कसं करायचं ते लिहिलं होतं, तर आलेल्या पत्रांमध्ये बऱ्याच जणांना इन्स्टॉलेशनपेक्षा त्यामागच्या माणसांचीच जास्त उत्सुकता दिसली. हे सगळं फुकटात करणारे लोक आपसात भांडत नाहीत का, भांडले तर निकाल कोण लावतं वगैरे. भांडतात, चांगले वर्षानुवर्षं भांडतात, म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यावरच. उदाहरणं डेबियनची, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका लिनक्सची, जास्त आहेत कारण तिथलं सगळं लेखी आणि उघड्यावर आहे, आणि तुम्ही उबुंटू वापरत असाल तरी तुमच्या मशीनमधला बराचसा माल मूळचा डेबियनचाच असतो.

प्रश्न: ताई, आमच्या सरांनी सांगितलं की डेबियनमध्ये दरवर्षी लीडर निवडतात पण तो कोणालाही काम सांगू शकत नाही. मग निवडणूक घ्यायचीच कशाला?
(इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, सांगली)

सरांनी बरोबर सांगितलंय. डेबियन १९९३ मध्ये इयन मर्डॉकने सुरू केलं, पहिली काही वर्षं लिखापढी फारशी नव्हती, डिसेंबर १९९८ मध्ये लेखी राज्यघटना आली. हो, राज्यघटनाच म्हणतात तिला, आणि वाचायला बसलीस तर खरंच कायद्याच्या पुस्तकासारखी आहे. त्यात सुरुवातीलाच एक कलम आहे, की या घटनेमुळे कोणावरही काम करायचं बंधन येत नाही, सोपवलेलं काम करायचं नसेल तर करू नका, फक्त नियमाने झालेल्या निर्णयाच्या आड येऊ नका. माझ्या मते अख्ख्या कागदातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे. पगार नाही, नोकरी जायची भीती नाही, प्रमोशन नाही, मग हुकूम सोडणार कशाच्या जोरावर?

मग लीडर करतो काय, तर कोणती टीम काय सांभाळणार ते अधिकृतपणे सोपवतो, पैसे कशावर खर्च करायचे ते मंजूर करतो, बाहेर प्रोजेक्टच्या वतीने बोलतो आणि जिथे दुसऱ्या कोणाचीच जबाबदारी नाही असा तातडीचा निर्णय घेतो. पैसेसुद्धा थेट डेबियनच्या नावावर नसतात बरं का, अमेरिकेत सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट नावाची ना-नफा संस्था आहे ती आणि तिच्यासारख्या काही संस्था ते सांभाळतात. म्हणजे लीडरच्या हातात ना तिजोरीची किल्ली ना चाबूक. पण कोणी तरी 'हो, प्रोजेक्टचं म्हणणं हे आहे' असं म्हणायला लागतंच, आणि ते म्हणणारा माणूस सगळ्यांनी निवडलेला असला की बाकीचे निदान ऐकून तरी घेतात.

मतदानाची पद्धत मात्र मला फार आवडते. एकावर शिक्का मारायचा नाही, सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा, आणि मग प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावून कोण कोणाला हरवतो ते बघायचं. शिवाय 'वरीलपैकी कोणी नाही' हा पर्याय नेहमी असतो, आणि आपल्याकडच्या नोटासारखा तो शोभेचा नाही. जो उमेदवार त्याच्यापुढे हरला तो बाद. कोरमचं गणित पण मजेशीर आहे, एकूण सभासदांचं वर्गमूळ काढायचं, त्याचं अर्ध करायचं, आणि तिप्पट करायचं. हजार सभासद धरले तर पन्नासच्या आत मतांत काम होतं. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलं होतं की बहुतेक लोक मतदानाला येणारच नाहीत, स्वयंसेवकांना ओळखून होते.

आणि ही खुर्ची किती गोड आहे ते २०१९ ला दिसलं. अर्ज भरायच्या आठवड्यात एकानेही अर्ज भरला नाही! घटनेत त्याचीही सोय आहे, मुदत एक आठवडा वाढवा, गरज पडली तर परत वाढवा. वाढवल्यावर अर्ज आले आणि सॅम हार्टमन निवडून आले. आपल्याकडे खुर्चीसाठी भांडणं होतात, तिथे कधीकधी खुर्चीत बसवायला माणूस शोधावा लागतो.

प्रश्न: मी सिस्टीम ॲडमिन आहे, सिस्टमडीमुळे आमच्या ऑफिसात अजूनही दोन गट आहेत. डेबियनने मतदान करून हा विषय संपवला असं ऐकलं. मतदानाने खरंच टेक्निकल भांडण मिटतं का?
(एक वाचक, पिंपरी)

संपवला असं कोणी सांगितलं तुम्हाला!

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मशीन चालू झाल्यावर सगळ्यात आधी एक प्रोग्रॅम सुरू होतो, त्याला इनिट म्हणतात, आणि तो बाकीच्या सगळ्या सर्व्हिसेस सुरू करतो. जुना होता सिसव्ही इनिट, स्क्रिप्टांवर चालणारा. त्याच्या जागी काय आणायचं यावर २०१३-१४ मध्ये वाद पेटला, एकीकडे सिस्टमडी, दुसरीकडे उबुंटूवाल्या कॅनोनिकल कंपनीचं अपस्टार्ट. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं की सिस्टमडी हळूहळू सगळंच गिळत चाललंय, बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं की जुन्या स्क्रिप्टांची डोकेदुखी आता पुरे.

डेबियनमध्ये असा वाद एखाद्या मेंटेनरच्या, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याच्या, पातळीवर सुटला नाही की टेक्निकल कमिटीकडे जातो. तेव्हा आठ सदस्य होते, आणि फेब्रुवारी २०१४ ला मतं पडली चार-चार. चेअरमन बडेल गार्बी यांनी आपलं निर्णायक मत सिस्टमडीच्या पारड्यात टाकलं आणि ठरलं. काही दिवसांतच उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उबुंटूही सिस्टमडीवर जाईल असं जाहीर केलं, म्हणजे ज्यांचं अपस्टार्ट होतं त्यांनीच ते सोडलं. इथे गोष्ट संपायला पाहिजे होती.

पण आठ जणांनी, त्यातही एकाच्या कास्टिंग व्होटने, हजार जणांच्या वतीने ठरवावं हे खूप लोकांना पचलं नाही. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वसाधारण ठराव आला, म्हणजे सगळ्या सभासदांचं मतदान. मुद्दा असा की इतर पॅकेजेसनी, म्हणजे डेबियनमधल्या बाकीच्या सॉफ्टवेअरनी, एकाच इनिटवर अवलंबून राहावं का, की दुसऱ्या इनिटवरही चालायलाच पाहिजे अशी सक्ती करावी. चार-पाच पर्याय होते, आणि जिंकला कोणता माहितीये? 'अशा ठरावाची गरजच नाही' हा पर्याय! मतदान करून लोकांनी सांगितलं की मतदान नको होतं. मला यात वेडेपणा नाही दिसत. सक्तीचा ठराव पास झाला असता तरी त्या दुसऱ्या इनिटच्या स्क्रिप्टा लिहिणार कोण, तपासणार कोण? ज्यांना हव्या होत्या त्यांनीच ना? मग त्यांना कोणी अडवलं होतं, लिहायच्या की. ज्या कामाला माणूस नाही ते काम ठरावाने होत नाही.

माणसांच्या बाजूने मात्र जबर किंमत मोजावी लागली. त्याच नोव्हेंबरात टेक्निकल कमिटीतून तीन अनुभवी लोकांनी राजीनामे दिले, अठरा वर्षं काम केलेला एक जुना डेव्हलपर जोई हेस डेबियन सोडून गेला आणि जाताना त्याने दोष दिला तो या राज्यघटनेलाच. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. नियम जितके बारीक तितकं भांडण नियमांतून खेळता येतं, कोडवर बोलायच्या ऐवजी लोक कलमांवर बोलायला लागतात, ठरावाच्या दुरुस्तीची दुरुस्ती सुरू होते आणि जो जास्त वेळ मेल लिहू शकतो तो जिंकतो. वर्षअखेर कमिटीवर किती वर्षं बसता येईल याला मर्यादा घालणारा ठराव आला, तो पास झाला, आणि तो माझ्या मते या सगळ्या गोंधळातला सगळ्यात कामाचा निर्णय. नाहीतर आधी कमिटीतून माणूस बाहेर पडायचा तो थकून किंवा चिडूनच.

सिस्टमडीवाली डेबियनची आठवी आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये आली. नाराजांनी डेव्हुआन नावाचं सिस्टमडीशिवायचं वेगळं डेबियन काढलं. आणि २०१९ च्या डिसेंबरात त्याच विषयावर परत मतदान झालं, त्यात निकाल असा की मुख्य लक्ष सिस्टमडीवर, पण दुसरे पर्याय करून बघणाऱ्यांना पाठिंबा. तर तुमच्या ऑफिसातले दोन गट अजून आहेत यात काही नवल नाही. सर्व्हर कोण सांभाळतं ते बघा आणि त्याला ठरवू द्या.

प्रश्न: फोर्क करणं म्हणजे गद्दारी नाही का? सगळ्यांनी मिळून बनवलेलं घेऊन वेगळी चूल मांडायची.
(निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

काका, हा शब्द महाराष्ट्रात सध्या जरा जपून वापरायला लागतो! पण उदाहरण तिथलंच चांगलं बसतं. पक्ष फुटला की कार्यकर्ते इकडे-तिकडे जाऊ शकतात, पण नाव आणि चिन्ह एकच असतं आणि त्यावरच खरी लढाई होते. ओपन सोर्समध्ये अगदी तसंच आहे, कोड दोघांनाही मिळतो, लायसन्सनेच तो हक्क दिलेला असतो, नाव मात्र ज्याच्याकडे ट्रेडमार्क त्याचं.

२०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली आणि ओपनऑफिस हे लिहिण्या-हिशेबाचं ऑफिस सॉफ्टवेअर त्यांच्याकडे गेलं. तिथे काम करणाऱ्या बऱ्याच लोकांचा ओरॅकलवर भरवसा नव्हता, त्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केलं, नाव मिळालं नाही म्हणून लिब्रेऑफिस असं नवं नाव घेतलं. ओरॅकलने पुढच्या वर्षी ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं, पण तोवर डेव्हलपर आणि लिनक्स वितरणं लिब्रेऑफिसकडे वळली होती. चिन्ह एकीकडे राहिलं आणि कार्यकर्ते दुसरीकडे.

आता प्रत्येक फोर्क असा जिंकत नाही. डेव्हुआनची घोषणा २०१४ ची आणि पहिली स्थिर आवृत्ती मे २०१७ ची, मधली अडीच वर्षं मूठभर लोकांनी पॅकेजेस, सिक्युरिटी अपडेट, सर्व्हर असलं कंटाळवाणं काम केलं. आणि कधीकधी फोर्कमुळे मूळ प्रोजेक्टच सुधारतो, नोड या सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं तसं झालं, एका कंपनीच्या ताब्याला कंटाळून २०१४ च्या शेवटी लोकांनी आयओ जेएस काढलं आणि २०१५ मध्ये दोन्ही परत एक झाले, यावेळी फाउंडेशनखाली. फोर्क होऊ शकतो ही गोष्ट लीडरला माहीत असते, म्हणून तो बऱ्याचदा फोर्क न होताच ऐकतो. त्यामुळे गद्दारी वगैरे काही नाही काका, तो हक्क नसता तर बाकीच्या सगळ्या घटना-बिटना कागदावरच राहिल्या असत्या.

प्रश्न: मला कोड अजिबात येत नाही. मी मराठी भाषांतर करते, मेनू, मदत पानं वगैरे. मला मत मिळतं का, की आम्ही नुसतेच राबायचं?
(शिक्षिका, रत्नागिरी)

प्रोजेक्टवर अवलंबून आहे, पण मिळू शकतं. डेबियनमध्ये आधी सभासद म्हणजे पॅकेज सांभाळणारा असंच समीकरण होतं. २०१० मध्ये ठराव झाला की पॅकेजचं काम न करणाऱ्या लोकांनाही, म्हणजे भाषांतर, डॉक्युमेंटेशन, डिझाइन, कार्यक्रम भरवणं करणाऱ्यांना, पूर्ण सभासद करून घ्यायचं. अपलोडचा अधिकार नसतो पण मत तेवढंच. लिब्रेऑफिसच्या डॉक्युमेंट फाउंडेशनमध्येही सभासदत्व कोडपुरतं नाही, काही महिने केलेलं काम दाखवायचं, पुढेही करायची तयारी दाखवायची, आणि बोर्डाच्या निवडणुकीत मत द्यायचं.

मात्र कोणी घरी येऊन बोलावणार नाही ताई. अर्ज आपण करायचा असतो, आणि आपल्या लोकांना तिथे फार संकोच वाटतो की आपण काय एवढं केलंय. हजारभर वाक्यं मराठीत केली असतील तर ते काम आहे, त्याची नोंद त्या सिस्टीममध्ये तुमच्या नावाने असते, ती लिंक अर्जात द्या. आणि आमच्या ओळखीतले मराठीवाले भाषांतरकार फार कमी आहेत, त्यामुळे मराठीपुरतं बघाल तर निर्णय आजही तुमच्यासारख्या दोन-चार लोकांच्याच हातात आहे.

प्रश्न: स्वयंसेवक म्हणता पण हल्ली यातले निम्मे लोक मोठ्या कंपन्यांच्या पगारावर असतात. मग कंपनी ताबा घेत नाही का?
(एक वाचक, बंगळुरू)

घेऊ शकते, आणि लिनक्स कर्नलचं तर बहुतेक काम पगारी लोकच करतात. पण ताबा घ्यायला नेहमी पैसे मोजावे लागत नाहीत, माणूस पूर्ण वेळ देऊ शकला की झालं. तुम्ही रात्री जेवण झाल्यावर तासभर देणार आणि तो आठ तास देणार, तर दोन वर्षांत कोणाला जास्त माहिती असेल? वाईट हेतू नसतानाही वजन तिकडे जातं.

यावर पायथनवाल्यांनी केलेला नियम मला पटतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ग्वीडो व्हॅन रॉसम यांनी सुरू केली आणि शेवटचा शब्द त्यांचाच असायचा, तहहयात प्रेमळ हुकूमशहा असं गमतीने त्यांना म्हणायचे. जुलै २०१८ मध्ये एका छोट्याशा सिंटॅक्सवर, कोलन आणि बरोबर ही चिन्हं जोडून एक्स्प्रेशनच्या आतच व्हेरिएबलला किंमत द्यायची एवढ्यावर, इतकं भांडण झालं की प्रस्ताव मंजूर करून त्यांनी पद सोडलं, वारसही नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. मग राज्यकारभार कसा चालवायचा याचे सहा-सात प्रस्ताव आले, त्यांच्यावर मतदान झालं आणि पाच जणांचं स्टिअरिंग कौन्सिल ठरलं. त्यात अट अशी की एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक कौन्सिलवर नकोत. आणि दोन-तृतीयांश मतांनी अविश्वास ठराव पास होतो. २०१९ च्या पहिल्या कौन्सिलवर ग्वीडो स्वतः निवडून आले, पण पाचातले एक म्हणून.

अट छोटी आहे पण आधी करून ठेवली म्हणून चालते. कंपनीचे चार लोक बसल्यावर असा नियम आणायला गेलात तर तो नियम राहत नाही, त्या चौघांवरचा आरोप होतो.

प्रश्न: माझी एक छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी आहे, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा कोड, सहा-सात वर्षं एकटाच सांभाळतोय. आता नोकरी-घर यात वेळ होत नाही. एक मुलगा बरेच महिने चांगले पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवतोय आणि दोघं-तिघं मेल करून सारखे म्हणतात की तुम्हाला जमत नाही तर त्याला अधिकार द्या. काय करू?
(सॉफ्टवेअर इंजिनिअर, नागपूर)

आधी हे सांगते की तो मुलगा अगदी प्रामाणिक असण्याचीच शक्यता जास्त आहे. पण तुमचं पत्र वाचून मला एक्सझेड आठवलं आणि तुम्हालाही आठवलं असेलच.

एक्सझेड हे कॉम्प्रेशनचं छोटं सॉफ्टवेअर, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं, आणि सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस. २०२१ पासून जिया टॅन नावाचं अकाउंट तिथे नीट काम करायला लागलं. २०२२ मध्ये वेगवेगळ्या नावांनी तक्रारी सुरू झाल्या, पॅच पडून राहतात, प्रोजेक्ट मेलाय, दुसरा मेंटेनर घ्या. हळूहळू त्या अकाउंटला अधिकार मिळाले, रिलीज काढायचेसुद्धा, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, गेलं. ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो मागेच लागला. २९ मार्च २०२४ ला त्याने जाहीर केलं. स्थिर डेबियनपर्यंत ते पोचलंच नव्हतं, थोडक्यात वाचलो.

लोक याला सिक्युरिटीची गोष्ट म्हणून सांगतात, मला ती कारभाराची वाटते. कुलूप फोडलंच नाही कोणी. थकलेल्या माणसावर दबाव आणून किल्ली रीतसर मागून घेतली, आणि ती द्यायची की नाही हे ठरवायला त्याच्यासोबत दुसरं कोणीच नव्हतं.

तर तुम्ही सगळी किल्ली एकदम देऊ नका. इश्यू (आलेल्या तक्रारी) बघणं, कोड मर्ज करणं (मूळ कोडमध्ये मिसळणं) आणि रिलीज काढणं हे तीन वेगवेगळे अधिकार आहेत, पहिला आजच द्या, दुसरा काही महिन्यांनी, आणि रिलीज एकट्याने कोणीच काढायचा नाही असा नियम करा, तुम्हीसुद्धा नाही. रिलीजची फाइल रेपॉझिटरीतूनच, म्हणजे कोडच्या उघड साठ्यातूनच, आपोआप बनली पाहिजे, एक्सझेडमध्ये धोक्याचा एक तुकडा फक्त रिलीजच्या फाइलमध्ये होता, रेपॉझिटरीत दिसतच नव्हता. तुमची लायब्ररी कोणती लिनक्स वितरणं वापरतात ते शोधा आणि तिथल्या पॅकेज मेंटेनरला सरळ लिहा की मला मदत पाहिजे, ते लोक ओळखीचे असतात आणि त्यांचाही त्यात स्वार्थ असतो. हे सगळं चार ओळींत रीडमीमध्ये लिहून टाका म्हणजे त्या मुलाला वाटणार नाही की त्याच्यावरच संशय घेतलाय. आणि अगदीच जमत नसेल तर रेपॉझिटरी अर्काइव्ह करून 'आता सांभाळत नाही' असं लिहिण्यात काहीच कमीपणा नाही, वापरणारे बघतील त्यांचं.

ते मेल करणारे दोघं-तिघं आहेत ना, त्यांनी स्वतः आजवर एक तरी पॅच पाठवलाय का तेवढं बघा. पाठवला नसेल तर त्यांच्या मेलला उत्तर द्यायची घाई नाही.